दीड इंच जागा

दारव्ह्याकडून येताना अडाण नदी ओलांडली
की गावाच्या कमानीवर सिमेंटात कोरलेलं दिसतं :
‘आधी गाय काढा, मग पाणी मागा.’
खाली नाव, लोकनेते नानासाहेब खिराळे.

गोठ्यातली गाय बाहेर काढा, तिची सेवा करा,
मग देवाजवळ पाऊस मागा,
असा अर्थ शाळेत सांगतात.
वक्तृत्वाच्या पोरी ‘काढा’वर हात उंचावतात.
मागच्या सप्ताहात एका महाराजांनी
तीन संध्याकाळी याच्यावरच काढल्या.

मी छापखान्यातला माणूस.
बत्तीस वर्षं खिळे जुळवले,
उलटं वाचायची खोड अजून जात नाही.
म्हणून विचारलं, बोलले कधी? कुठं?

गौरवग्रंथ म्हणतो : दिग्रसची सभा, बहात्तरचा पोळा.
त्या पोळ्याला नानासाहेब नागपुरात, घशाला टाके,
पाटीवर लिहून चहा मागत होते.
ती पाटी त्यांच्या ड्रायव्हरनं, शेख मुनाफनं,
अजून ट्रंकेत ठेवलीय.

ग्रंथानं उचललं स्मरणिकेतून.
स्मरणिकेनं पतसंस्थेच्या कॅलेंडरातून,
तिथं वर नानासाहेबांचा फोटो, खाली हे वाक्य.
शेजार पडला, एवढंच.
आणि कॅलेंडरानं?
आमच्या साप्ताहिकातून.

मला जरा खाली बसावं लागलं.

वाळवीनं अर्धी खाल्लेली फाइल.
मे त्र्याहत्तर, पान तीन, डाव्या कोपऱ्यात चौकट : सुविचार.
नाव नाही कुणाचं.
‘धी’ची वेलांटी मोडकी.
तो मोडका खिळा फक्त मीच वापरायचो,
बाकीचे फेकून द्यायचे.

तारेला ओवलेली पोस्टकार्डं एकेक उतरवली.
हिरेमठ गुरुजी, सोलापूरकडून नवीन बदलून आलेले,
बारीक अक्षरात कळवतात :
‘येथे विहीर उपसताना एक बाई म्हणाली,
आधी गाय काढा, मग पाणीपट्टी मागा.
काय हे ग्रामीण शहाणपण!’

पाणीपट्टी.

जागा दीड इंच होती. पट्टी मावेना.
संपादक चहाला गेलेले.
मी काढली.

राहिली गाय. विहिरीत गाय कशी?
ऊन कलल्यावर गेलो. विहिरीला आता जाळी आहे.
शेजारच्या घरी शेवंताबाई तूर पाखडत होती,
त्या बाईची लेक.
विचारलं तर सूप खाली ठेवून हसत सुटली.
“गाय कुठची बावा? गाय! गाय!
हिरीतला चिखल!”
आणि दोन्ही हातांनी हवेतून उपसून दाखवला.

मी इथलाच. घरी पोयाच म्हणतो, डोयाच म्हणतो,
छापायला बसलो की तेवढा ळ शोधतो.
गुरुजींना ऐकू आला नाही, ते परके.
मला पन्नास वर्षं दिसला नाही,
माझ्याच बोटांनी बसवलेल्या अक्षरात.

“थ्या साली हिरीत कमरेइतका गाय,
अन् वरून पट्टीची पावती.
सभापती जीपगाडीतून उतरले तं
मायनं टोपलं त्यायच्या पायापाशी उलटवलं.
म्हने, आंधी गाय काढा,
मंग पानीपट्टी मांगा.”

“कोण सभापती?”

ती बोलली नाही. हनुवटी नुसती कमानीकडे केली.

वहीत लिहून घेतलं :
जानकाबाई आत्राम. विहिरीच्या तोंडाशी. मे महिना.
छापायचं कुठं ते माहीत नाही.
छापखाना बसला, खिळे किलोवर गेले,
ळ गेला, मोडका धीही गेला.

फाटकापर्यंत आलो तर मागून हाक :
“मायचं नाव नाही टाकलं तं चालते जी.
पट्टी टाकजा.”